कमरेचा बंदोबस्त

मनुष्यदेहात मस्तकाला मान, हृदयाला काव्य आणि उदराला सगळे अर्थशास्त्र वाहिलेले असताना, या तिघांचाही भार निमूटपणे पेलणाऱ्या कमरेकडे मात्र ती दुखू लागेपर्यंत कोणी विचारवंत ढुंकून पाहत नाही, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. वस्तुतः आपला निम्मा इतिहास कमरेवर घडलेला आहे. कट्यार कमरेला होती, तलवारीचा पट्टा कमरेला होता, मोहिमेवर निघालेल्या स्वाराची रोकड ज्यात असे तो लांबट कसाही कमरेलाच होता. आणि तलवारी म्यान होऊन दौतलेखणीचे राज्य सुरू झाले तेव्हादेखील ज्याच्या कमरेला काहीच नाही असा गृहस्थ विरळाच. आमचे आजोबा राजापूरच्या बाजारात निघाले की धोतराच्या कनवटीला नोटांची चौकोनी घडी आणि तिच्या शेजारी पानसुपारीची चंची असा त्यांचा सरंजाम असे. आजीच्या कमरेला चांदीचा छल्ला असे, त्यात कोठीच्या खोलीपासून लोणच्याच्या फडताळापर्यंत साऱ्या किल्ल्या नांदत, आणि त्या छल्ल्याचा आवाज ओसरीवर आला की घरातील मुले, सुना व कधीकधी आजोबासुद्धा सावरून बसत. अधिकार म्हणजे काय, याची माझी पहिली कल्पना त्या आवाजापासून तयार झाली.

पुढे धोतर गेले आणि पाटलोण आली. पाटलोणीला खिसे असतात; खिसे आले आणि कमरेचे वतन खालसा झाले. पाटलोण खाली येऊ न देणे, एवढी एकच नीरस जबाबदारी तिच्याकडे उरली, आणि या अवस्थेत तिने स्वातंत्र्योत्तर काळाची जवळजवळ पाच दशके काढली.

हा वनवास संपला तो 1995 साली. त्या वर्षीच्या 31 जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून या देशातले पहिले संभाषण केले, आणि त्याच सुमारास मुंबईच्या उपनगरांत पेजर नावाची एक चिमुकली काळी डबी पट्ट्याला अडकवून माणसे हिंडू लागली. मोबाइलचा दर तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे ज्याला फोन आला त्यानेच मोजायचे, असा जुलमी शिरस्ता होता. त्यामुळे ते यंत्र बोलण्यापेक्षा दिसण्यासाठी बाळगणे हेच शहाणपणाचे होते, आणि दिसण्यासाठी कमरेइतकी मोक्याची जागा दुसरी नव्हती. जुन्या मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कचेरीत तोच भेद पुन्हा अवतरला. कंपनीने दिलेला फोन कमरेला लावणारे बारगीर शर्ट बाहेर काढून वावरत, आणि स्वतःच्या पैशाने घेतलेले शिलेदार शर्ट इतका खोचत, इतका खोचत, की त्यांना श्वास घेणे अवघड जाई. 2003 साली आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले, भाजीवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या हाती मोबाइल खेळू लागला, आणि शिलेदारीतला सारा रंग उडाला. त्यानंतर फोन पसरट होत गेले, तरुणांनी ते मागच्या खिशात अर्धे बाहेर डोकावत ठेवण्याची, माझ्या मते खिसेकापूंना खुले निमंत्रण देण्याची, पद्धत पाडली, आणि पट्ट्याला पाऊच लावणारा मनुष्य हा वस्तुसंग्रहालयातून सुटून आलेला समजला जाऊ लागला. बोरिवलीला माझ्या मेहुण्यांच्या घरी साखरपुडा होता, तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी माझ्या कमरेकडे पाहून, ‘‘काका, हल्ली हे फक्त विजेचं मीटर बघायला येणारे लावतात,’’ असा अभिप्राय चारचौघांत दिला. मीटर पाहणारा मनुष्य आला की अख्खी इमारत त्याला दार उघडते, हे त्या मुलाच्या लक्षात आले नसावे.

मी पाऊच सोडला नाही. छातीच्या खिशातील फोन वाकले की पाण्याच्या पिंपात पडतो, पाटलोणीच्या पुढच्या खिशातील बसले की मांडीत रुततो, पिशवीतील वाजतो तेव्हा सापडत नाही आणि सापडतो तेव्हा वाजायचा थांबलेला असतो. मात्र अंधेरीच्या पुलावर मिळणारे, चामड्याचे सोंग घेतलेले रेक्झिनचे पाऊच एका पावसाळ्यात सोलून निघू लागल्यावर, एकदाच काय ते मापाचे, खऱ्या चामड्याचे, हयातभर पुरेल असे म्यान शिवून घ्यावे, असा ठराव मी मनाशी मंजूर केला.

अशा बाबतीत तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त सुभेदार राहतात. लष्करातून आल्यावर त्यांनी एका बँकेच्या दाराशी परवान्याची दुनळी घेऊन कित्येक वर्षे पहारा दिला, त्यामुळे शस्त्र बाळगणे म्हणजे काय, याविषयी इमारतीत त्यांचा शब्द अखेरचा समजला जातो. माझा मनोदय ऐकून त्यांनी मला उभे केले, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, ‘‘हे बघा, हत्यार आपल्या हाताला डोळे मिटून लागलं पाहिजे, आणि दुसऱ्याच्या हाताला डोळे उघडे ठेवूनसुद्धा लागता कामा नये. होल्स्टर म्हणजे एवढंच.’’

‘‘पण सुभेदारसाहेब, हे हत्यार नव्हे. फोन आहे.’’

‘‘तुम्ही त्यातनं सकाळसंध्याकाळ किती जणांना घायाळ करता, ते मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसतं की,’’ सुभेदार म्हणाले.

मग त्यांनी मला सॅम ब्राउनची हकीकत ऐकवली. घोडदळातील या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात 1858 साली उत्तर हिंदुस्थानातील एका चकमकीत तुटला. त्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला खरा, परंतु म्यान धरायला डावा हातच नसल्यामुळे तलवार उपसायची कशी, हा प्रश्न पदकाने सुटण्यासारखा नव्हता. तेव्हा त्याने कमरेच्या रुंद पट्ट्याला जोडून उजव्या खांद्यावरून तिरका जाणारा दुसरा पट्टा योजला, म्यान जागच्या जागी जखडले, आणि पुढे ही एका हाताच्या माणसाची सोय दोन्ही हात शाबूत असलेल्या जगभरच्या सैन्यांनी उचलली. आपल्याकडचे फौजदार संचलनाच्या दिवशी जो तिरका पट्टा चढवतात, तो हाच. ‘‘पिस्तुलाचं घर पूर्वी घोड्याच्या खोगिराला असायचं,’’ सुभेदार सांगू लागले, ‘‘घोडा उधळला की पिस्तूल गेलं. म्हणून ते माणसाच्या अंगावर आलं. तुमचा घोडा कुठला?’’ मी म्हणालो, ‘‘आठ अठराची लोकल.’’ ते थोडा वेळ गंभीर झाले आणि म्हणाले, ‘‘मग झाकण पाहिजेच.’’

चामड्याचे नाव काढले की मुंबईकर धारावीकडे बोट दाखवतो, आणि शीव-वांद्रे जोडरस्त्याच्या कडेची दुकाने पाहिली म्हणजे ते बोट योग्य दिशेला आहे याविषयी शंका राहत नाही. परंतु तेथील थाटाच्या दुकानांत मला जो तो तयार माल दाखवू लागला. माझ्यासारख्या एकट्यादुकट्या कमरेसाठी माप घेऊन बसायला कोणाला फुरसत नव्हती. शेवटी सुभेदारांच्याच ओळखीने घाटकोपरला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, जिथे उंच मनुष्याला नमस्कार केल्याशिवाय प्रवेशच करता येत नाही अशा जागी, एका वृद्ध कारागिरांची गाठ पडली. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी फोन हातात घेतला, उलटापालटा केला, त्याच्या किमतीविषयी किंवा कॅमेऱ्याविषयी एक अक्षर न बोलता तो नखाने टकटक वाजवून पाहिला, आणि मग निष्णात वैद्याच्या शांतपणाने मला प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला.

‘‘उभा पायजे का आडवा?’’

मी उभा म्हणालो.

‘‘बसायचं काम का हिंडायचं?’’

‘‘बसायचं.’’

‘‘मग आडवा. उभा बरगडीत घुसंल.’’ त्यांनी पट्ट्याची रुंदी बोटांनी मोजली, उजवा हात की डावा, चष्मा कोणत्या खिशात, लोकलचा पास कोणत्या, ही सारी चौकशी केली, आणि अखेरीस माझ्या मध्यप्रदेशाकडे दृष्टी स्थिर करून अत्यंत आदराने विचारले, ‘‘साहेब, पोट एवढंच ऱ्हाणार न्हवं?’’

एवढ्या सरळ प्रश्नाला एवढे सरळ उत्तर देण्याचे धैर्य माझ्या अंगी नव्हते. ‘‘साधारण,’’ मी म्हणालो. मामांनी पट्टा ओवायचा काज अर्धा इंच मागे, पाठीकडे सरकवून खडूची खूण केली.

चामड्याचीही निवड असते, हे मला तिथे कळले. क्रोमचे चामडे मऊ, रंगाने देखणे, पण ते आकार धरत नाही. कितीही दाबा, पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जाते. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे आरंभी राठ आणि हट्टी, परंतु पाण्यात भिजवून फर्म्यावर चढवले की जो आकार घेईल तो जन्मभर सोडत नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच दुसऱ्या जातीचे. (या चपलेला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, जो सीमातंटा आयोगांना आणि आंदोलनांना मिटवता आला नाही, तो निदान घोट्याच्या खाली मिटलेला आहे.) मामांनी माझ्या फोनच्या मापाचा लाकडी ठोकळा तासला, भिजलेले कातडे त्यावर अंगठ्याने चेपत चेपत बसवले, आणि कोपऱ्यांवर हाडाच्या पट्टीने इतक्या हळुवारपणे घोटले की, एखाद्या नवजात अर्भकाचे नाक घडवीत बसलेल्या सुइणीची मला आठवण झाली. सावलीत वाळल्यावर रापीने कडा तासल्या, आरीने भोके पाडली, आणि मेण लावलेला एकच दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवत शिवण घातली. ‘‘मशिनीचा एक टाका तुटला की पुढची शिवण सुटत जाती,’’ ते मान वर न करता म्हणाले, ‘‘ह्यातला तुटला तर त्यो एकलाच तुटतो.’’ आमच्या एकत्र कुटुंबाचा इतिहास ठाऊक असल्यासारखे त्यांनी हे सांगितले.

झाकण कशाने मिटवावे, यावर मात्र बराच खल झाला. लोहचुंबक मामांना मान्य नव्हता. वेल्क्रो मला मान्य नव्हता, कारण एका शोकसभेत दोन मिनिटे स्तब्धता चालू असताना, मागच्या रांगेतील एका सद्गृहस्थाने फोन बंद करण्याच्या सद्हेतूने आपला वेल्क्रोचा पाऊच उघडला, तेव्हा त्या चर्र आवाजाने दिवंगताच्या बंधूंसह सारी सभा कशी दचकली होती, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. अखेर पितळी टिचबटणावर एकमत झाले. टिचबटण उघडताना आणि मिटताना एकच ठाम आवाज करते, आणि तो ऐकला की काहीतरी निकाल लागला असे वाटते.

म्यान तयार होऊन घरी आले. पत्नीने ते हातात घेतले, हुंगले, उघडले, मिटले आणि म्हणाली, ‘‘अहो, फोनपेक्षा पिशवी भारी दिसते.’’ मी हा गौरव समजून स्वीकारला.

परंतु अशा वस्तूची खरी परीक्षा घरात होत नाही. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी असतात, असे रेल्वेचेच मोजमाप आहे. म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या कमरेला जेवढी जागा येते, तेवढ्यात कट्यारदेखील आडवी लावता आली नसती. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथा बसतो, हा मध्य रेल्वेचा अलिखित कायदा आहे, आणि त्या चौथ्या सीटवर उजव्या नितंबाचा निम्मा भाग टेकवून अधांतरी बसलेल्या मनुष्याने जर उजव्याच कमरेला सव्वा इंच जाडीचे म्यान लावलेले असेल, तर त्याचा परिणाम तिसऱ्यापासून खिडकीतल्या पहिल्यापर्यंत लाटेसारखा पोहोचतो. दारापाशी उभे असतानाची कथा निराळी. तिथे एकदा कोणाचा तरी फोन वाजला. सर्वांचे फोन एकाच सुरात वाजतात, त्यामुळे तो प्रत्येकाला आपलाच वाटला, आणि त्या गर्दीत एक अपरिचित हात शोध घेत घेत माझ्या कमरेपाशी आला, त्याने डोळे मिटूनच टिचबटण उघडले, आणि फोन निम्मा बाहेर काढला. ‘‘साहेब, तुमचा पलीकडे असेल,’’ मी म्हणालो. त्या हाताचे धनी तीन माणसांपलीकडे होते. त्यांनी तिथून, ‘‘सॉरी हां,’’ म्हटले, फोन काळजीपूर्वक आत सरकवला आणि झाकण स्वतः टिच करून मिटवले. सुभेदारांचा दुसरा नियम मुंबईत लागू पडत नाही. इथे दुसऱ्याच्या हाताला हत्यार लागतेच, फक्त तो ते सभ्यपणे परत ठेवतो.

घाटकोपरला उतरून मी मेट्रोने अंधेरीला जातो. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून उपनगरातील प्रत्येक नोकरदाराची, पूर्वी केवळ संस्थानिकांच्या भेटीला जाणाऱ्यांची होत असे तशी, अंगझडती होऊ लागली. सुरक्षारक्षकाच्या हातातील यंत्र माझ्या डोक्यापासून मुकाट खाली येई आणि कमरेपाशी आले की पितळी बटणाला पाहून किंचाळे. ‘‘काढा काका.’’ मी काढी. ‘‘उघडा.’’ मी उघडी. मागची रांग अंधेरीच्या हजेरीच्या घड्याळाकडे डोळे लावून उसासे टाकी. असे पुष्कळ दिवस चालल्यावर एके सकाळी त्या रक्षकाने माझे म्यान हातात घेतले, शिवणीवरून अंगठा फिरवला, इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘‘कुठून करून घेतलंत? वॉकीटॉकीचं करून देतील का?’’ मी मामांचा पत्ता दिला. झडतीचा काच त्यानंतर थोडा सैल झाला. पण हे गुपित समजावे.

पावसाळ्यात चामडे जिवंत होते. आषाढात दोन दिवस सुट्टी घेऊन घरी राहिलो, तर कपाटात ठेवलेल्या म्यानावर हिरवट बुरशीची अशी लुसलुशीत लव उगवली, की आमच्या गॅलरीतल्या तुळशीला हेवा वाटावा. कोरड्या फडक्याने पुसणे, पोट उघडून वाऱ्यावर टांगणे, आणि श्रावणात ऊन दिसले की मेणाचा हात फिरवणे, ही सेवा करावी लागते. पत्नीच्या मते, माझ्या स्वतःच्या चपलांची मी आयुष्यात एवढी निगा राखलेली नाही, आणि पट्ट्यावर टांगलेल्या वस्तूंविषयी पुरुषांना वाटणाऱ्या ममतेचे मूळ तिला अजून सापडलेले नाही.

सवय फार विलक्षण असते. आपल्याकडे निवडणुका जाहीर झाल्या, की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात, आणि मतदान केंद्रात मोबाइल नेण्यास मनाई असते. अर्थात सुभेदारांच्या दुनळीला आणि माझ्या फोनला लोकशाहीने प्रथमच एका पंक्तीला बसवले. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान होते. हुकूम शिरसावंद्य मानून मी फोन घरी ठेवला. मात्र पट्टा बांधताना हाताने आपणहून म्यानही ओवले. मुलुंडच्या मतदान केंद्राच्या फाटकाशी शिपायाने माझ्या कमरेकडे बोट दाखवले. ‘‘मोबाइल आत नेता येणार नाही, काका.’’ मी टिचबटण उघडून दाखवले. आत काही नव्हते. त्याने दोन बोटे घालून खात्री केली, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ‘‘मग लावलंय कशाला?’’ मागे उभे असलेले सुभेदार पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘हवालदार, तुम्ही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पट्टा सोडता का?’’ शिपायाने आम्हां दोघांनाही आत सोडले.

मामांनी हयातभराची हमी दिली होती. ती कोणाच्या हयातीची, हे मात्र आम्ही ठरवले नव्हते. म्यानाला आता कुठे खरा रंग चढू लागला, कडांना गडद तांबूस तकाकी आली, झाकण माझ्या अंगठ्याला ओळखू लागले, आणि नेमक्या या वेळी फोनने मान टाकली. अंधेरीला स्टेशनसमोरच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे फोन मांडले, कोणाचा कॅमेरा किती, कोणाची बॅटरी किती तास, हे सगळे एका दमात सांगितले आणि विचारले, ‘‘काका, बजेट किती आहे?’’ मी पट्ट्यावरून म्यान सोडवून तिच्यापुढे काचेवर ठेवले. ‘‘यात बसेल तो.’’

एकेक फोन त्यात घालून पाहण्याचा विधी सुरू झाला. महागडे सगळे नखभर लांब निघाले. एक रुंदीला अडला, एक आत गेला तो बाहेर येईना, आणि त्यासाठी दुकानाच्या मालकांना गल्ला सोडून यावे लागले. पत्नी स्टुलावर बसून हे पाहत होती. ‘‘अहो, फोन घेताय की स्थळ बघताय?’’ ती म्हणाली. अखेर मुलीने खालच्या खणातून एक साधा, कोणीही मागत नसलेला फोन काढला. तो म्यानात गेला, झाकण खाली आले, टिचबटण मिटले. मालकांनी म्यान हातात घेऊन शिवण पाहिली आणि म्हणाले, ‘‘चामडं अस्सल आहे, शेठ. पण हे मॉडेल बंद होत आलंय. दोन वर्षांनी पुन्हा पंचाईत.’’

‘‘मग दोन बांधा,’’ मी म्हणालो.